साहेबाच्या बंगल्यातली अक्का

अक्का जेवायची ती चालता चालता. डाव्या हातात ताटली, ताटलीत कळण्याची भाकरी, वर ठेचा, आणि व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. चार फेऱ्यांत जेवण आटपायचं. मी नवी होते तेव्हा एकदा म्हटलं, "अक्का, दोन घास बसून खा की. घर काही पळून जात नाही." ती थांबली नाही. पाठमोरीच म्हणाली, "बसनी ते आयकू येत नही."

बसलं की काय ऐकू येत नाही, ते मला कळायला एक अख्खा उन्हाळा जावा लागला.

आम्ही पाचोऱ्याला आलो ते ह्यांच्या नोकरीमुळे. हे तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, आणि जिनिंगच्या आवारातच कडेला तो बंगला. सगळं गाव त्याला साहेबाचा बंगला म्हणायचं. जिनिंगची यंत्रं बसवणाऱ्या कुणा गोऱ्या इंजिनेराने तो स्वतःसाठी बांधलेला. साहेब कधीच गेला, नाव राहिलं. त्याच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या आणि खोल्यांबरोबर अक्का मिळाली. अक्का काही मालकीण नव्हती. मालक जळगावचे शेठ. पण थोरल्या शेठनी मरायच्या आधी सांगून ठेवलं होतं की ती आहे तोवर घर तिच्या ताब्यात. कागदावर काही नाही, सगळं तोंडी. तिचा बाप त्या घराचा सुतार, तिचा नवरा जिनिंगचा जमादार. दोघं गेले, ती राहिली, आणि दिवसभर घराभोवती चालत राहिली.

मी धुळ्याची. आमच्याकडे घर म्हणजे धाब्याचं, मातीचं, वरून सपाट. हे घर पाहिलं आणि मला हसूच आलं. उतरतं छप्पर इतकं खाली आलेलं, जसं कुणी टोपी डोळ्यांवर ओढून बसलंय. आणि दिवाणखान्याच्या भिंतीत केवढा तरी मोठा दगडी कोनाडा, वर धुराडं. विलायती शेकोटीची जागा ती. आता सांगा, पाचोऱ्याला शेकोटी. साहेबाच्या मडमेला मायदेशासारखं हवं होतं म्हणे. ती दोन हिवाळे तिच्यापुढे बसली आणि तिसऱ्याच्या आत निघून गेली. गावातल्या बायांना त्या कोनाड्याचा काही अर्थ लागत नसे. कुणी आली की पदर सावरून हात जोडायची आणि हळूच विचारायची, "कोनता देव शे हाऊ?" कारण आत हळदकुंकू वाहिलेलं असायचं. आत देव नव्हता. अक्काच्या बापाची हत्यारं होती. वाकस, पटाश्या, दोन रंधे, करवत आणि लाकडाची मोगरी.

साहेबाची गोष्ट अक्काला बापाकडून कळलेली, मला अक्काकडून. साहेबाचं डोकं म्हणे उलटं चालायचं. दिवसभर यंत्रांत राहायचा, यंत्रांवर त्याचं पोट, पण घरात यंत्राची एक वस्तू चालू द्यायची नाही. मंगळुरी कौलं रेल्वेनं येत होती, सारखी, सुरेख. ती त्यानं नाकारली आणि गावच्या कुंभाराकडून हातानं थापलेली कौलं घेतली. एक कौल दुसऱ्यासारखं नाही. दारांच्या कड्या-बिजागऱ्या लोहारानं केल्या आणि बिचाऱ्यानं रात्रंदिवस कानस मारून गुळगुळीत करून आणल्या, तर साहेबानं परत पाठवल्या. घणाचे घाव दिसले पाहिजेत म्हणाला. तो लोहार मरेपर्यंत सांगायचा, काम चांगलं केलं म्हणून परत पाठवणारं गिऱ्हाईक मी एकच पाहिलं.

आणि लाकूडकाम. अख्ख्या घरात खिळा नाही. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या तोंडात, आणि आरपार लाकडाची खुंटी. खुंटीची डोकी मुद्दाम वर ठेवलेली, कुणालाही दिसावं की काय कशाला धरून आहे. अक्काचा बाप आणि साहेब, एकाला मराठी येईना, एकाला इंग्रजी. दोघांत एकच वाक्य चालायचं, ते म्हणजे "दिखने दो".

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आल्या दिवशी मी काय केलं, दारामागच्या खांबात खिळा ठोकला आणि कॅलेंडर लावलं. दुपारी पाहते तर कॅलेंडर खाटेवर, खिळा त्याच्यावर, आणि अक्का सागाचा भुसा डिंकात मळून खांबाच्या भोकात भरतेय. वर अबोला. तो पुढचे आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी माझ्या मुलीला ताप आला तेव्हा स्वतःच काढा घेऊन आली आणि जाता जाता म्हणाली, "लाकूडले खिळा नको ठोकू व पोरी. लाकूड हालस. खिळा हालत नही. मंग लाकूड फाटस."

तेव्हा मला तिच्या ऐकण्याचा अर्थ लागायला लागला. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. दुपारी बारानंतर ते घर बोलायला लागायचं. टक, कर्र, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक. मी आधी घाबरायचे. अक्का हातातलं काम सोडून मान तिरकी करायची आणि चालायला लागायची, थेट त्या खांबाशी. कुठल्या सांध्याचा आवाज, हे तिला अंतरावरून कळायचं. जवसाच्या तेलाचं फडकं, बोटानं चाचपणं, मोगरीचा एक हलका ठोका. झालं की पुढच्या आवाजाची वाट. पण उभ्यानं, चालत.

सुतारकाम बाईनं करायचं नाही, हे तिला लहानपणापासून ऐकवलेलं. सुतारीण म्हणजे सुताराची बायको, बाई कुठे सुतार असते का. पण भाऊ नव्हता, बापाचे डोळे लवकर गेले, आणि घर तर दरवर्षी काहीतरी मागायचं. कुठे उधई म्हणजे वाळवी, कुठे पावसाचं पाणी. मग आंधळा बाप खांबाशी बसून बोटांनी सांगायचा आणि ही करायची. नवऱ्याला लाज वाटायची म्हणून दार लावून आत. बापानं तिला एकच गोष्ट दटावून सांगितली होती. प्रत्येक लाकडावर त्याची खूण असे, पटाशीचे तीन घाव, पाखराच्या पावलासारखे. "तू बदलशी ते तुनी खूण टाक," तो म्हणायचा. तिची खूण एक आडवी रेघ. बदललेल्या प्रत्येक तुकड्यावर कुठेतरी ती रेघ असायची.

एका वर्षीची आखाजी मी विसरत नाही. आखाजीला सगळ्या लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, मीही दरवर्षी धुळ्याला जायचे. त्या वर्षी मुलीला गोवर निघालेला, जाता येईना. मी सकाळपासून भांडी आपटत होते. दुपारी बाहेर आले तर व्हरांड्याच्या मोठ्या तुळईला दोर लावून अक्का पाट अडकवत होती. जी बाई खांबाला कॅलेंडर लावू देत नाही, तिनं तुळईला झोका बांधला. मी नुसती पाहत राहिले.

"अशी काय दखी राहिनी? बस."

"अक्का, तुळई?"

तिनं वर बोट केलं. तुळईच्या वरच्या अंगाला दोन खाचा होत्या, दोर बसेल अशा, गुळगुळीत कोरलेल्या. साहेबानं विचारलं होतं म्हणे, या कशासाठी. बापानं हातवारे करून सांगितलं, पंखा टांगायला. पंखा तिथे कधीच टांगला नाही. रांगणारी अक्का मोठी होईल, आखाजीला येईल, एवढंच त्या माणसानं गोऱ्याच्या घरात गुपचूप करून ठेवलं होतं. मी बसले. अक्कानं झोका दिला आणि देता देता कान तुळईकडे. माझं रडू थांबलं होतं, तिचं ऐकणं काही थांबलं नव्हतं.

मग जिनिंग बंद पडलं. एकदम नाही. आधी एक पाळी गेली, मग हंगामापुरतं चालू, मग नुसतं कुलूप. धाकटे शेठ जळगावहून ॲम्बॅसिडरमधून यायचे, आवारात फिरायचे, पावलांनी अंतर मोजायचे. माणूस वाईट नव्हता. अक्काच्या पाया पडायचे. पाया पडून पुन्हा पावलं मोजायचे. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं तर म्हणाले, "प्लॉट पाडावे लागतील. दुसरं काय करू, तुम्ही सांगा." त्या दिवसापासून माझी झोप उडाली. अक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "दख, मागली खिडकी कुरकुरस," आणि निघाली.

त्याच वर्षी पुण्याच्या एक बाई आल्या. जुन्या घरांचा अभ्यास करायच्या. जामनेरच्या छोट्या गाडीतून जाताना त्यांना झाडांमधून ते छप्पर दिसलं, तर पुढच्या स्टेशनला उतरून मागे चालत आल्या. खादीचा सदरा, गळ्यात कॅमेरा, पाय धुळीनं भरलेले. घरात शिरल्या आणि देवळात शिरल्यासारख्या हळू बोलायला लागल्या. त्यांनीच मला सांगितलं की विलायतेत एका काळी कारखान्याच्या मालाला विटलेल्या लोकांनी हातकामाची चळवळ केली होती. आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्हणतात तिला. जे वापरायचं ते हातानं केलेलं, साधं, आणि कसं केलंय ते उघड दिसणारं. साहेब त्यांच्यातला असणार. तशी घरं तिकडे जपून ठेवतात, आपल्याकडे, तेही खानदेशात, असं घर असेल हे त्यांना खरंच वाटत नव्हतं. मी म्हटलं, म्हणजे साहेबाचं डोकं उलटं नव्हतं तर. त्या हसल्या.

त्यांनी शेठना गाठलं. शेठ म्हणाले, "बाई, हे घर साहेबाच्या वेळचं जसंच्या तसं आहे, असं तुम्ही तपासून लिहून द्या. मग मी ते राखतो. वडिलांचाही जीव होता त्यात. बाकीच्या जागेचे प्लॉट पाडीन, घराला हात नाही लावणार. पण तसं नसेल तर मला अडवू नका."

एवढ्यावर सगळं येऊन ठेपलं. रविवार ठरला. तो आठवडा अक्कानं घराला तेल पाजलं नुसतं. मी तिच्या मागे मागे. "अक्का, बाई विचारतील तेवढंच सांगा. जास्तीचं बोलू नका." ती हूं म्हणायची.

रविवारी शेठ आले, बाई आल्या. बाई एकेक वस्तू दाखवत होत्या, शेठ मान डोलावत होते. मला वाटलं जमलं. दिवाणखान्याच्या खिडकीवर कपाशीच्या बोंडांची कोरीव पट्टी होती. बाईंनी तिच्यावर तळहात ठेवला. "हे पाहा शेठ. आज असा हात शोधून सापडणार नाही. साहेबाच्या काळचं काम."

मागून अक्का म्हणाली, "हाई मनं शे."

"काय?"

"हाई मी करेल शे. बापनी करेल ती उधईनी खाई टाकी."

बाईंना वाटलं म्हातारी गंमत करतेय. अक्कानं त्यांचं बोट धरून पट्टीच्या खालच्या अंगाला नेलं. तिथे आडवी रेघ होती. मी डोळ्यांनी खुणावतेय, पदर ओढतेय, पण अक्काच्या तोंडावर असं तेज आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं काम कुणीतरी सुतारकाम म्हणून पाहिलं होतं. ती थांबते कसली. बाईंचा हात धरून घरभर निघाली. "हाऊ खांब मना. हाई चौकट मनी. हाऊ जिना अर्धा मना, अर्धा बापना. ती कडी लोहारना नातूनी करी." बाई वहीत लिहीत होत्या, मग लिहायच्या थांबल्या.

शेठ खिडकीशीच उभे होते. शांतपणे म्हणाले, "अक्का, मग साहेबाच्या वेळचं राहिलं काय?"

अक्कानं खरोखर विचार केला. "आढं. तुळई. शेकोटीना दगड. आनि पुढला दरवाजा. तो बापना हातना शे, बठ्ठा, पुरा."

"शेठ, ऐका," बाई म्हणाल्या, "त्या चळवळीचं म्हणणंच हे होतं. ह्या बाईंनी ते चालू ठेवलंय. मला तर वाटतं याच्यानं घराची किंमत वाढते."

"जसंच्या तसं आहे असं लिहून देता?"

बाईंनी वहीकडे पाहिलं. त्यांच्याच्यानंही खोटं लिहवेना.

शेठ गेल्यावर मी अक्कावर तुटून पडले. म्हटलं, जीभ आवरली असती तर काय बिघडलं असतं? कुणी विचारलं होतं का? आता बसा उघड्यावर. ती फडकं पिळत उभी होती. म्हणाली, "सांधा लपाडा ते ती चोरी शे, व माय. कसाले लपाडू?" साहेबाला आणि तिच्या बापाला एकमेकांची भाषा येत नव्हती, पण साहेबाचं 'दिखने दो' नेमकं तेवढंच बापाला कळलं होतं, बापाचं तिला. मला कळायला वेळ लागला. आजही वाटतं, तिनं गप्प बसायला हवं होतं. आणि लगेच वाटतं, मग ती अक्का कसली.

घर पाडायला माणसं आली ती पहारी आणि घण घेऊन. अक्का पायरीवर आडवी. मला वाटलं आता ही घाव अंगावर घेते. पण ती त्यांना म्हणाली, "फोडू नका भो. हाई घर उघडस."

ती काय म्हणतेय ते कुणाला कळेना. तिनं मोगरी घेतली, व्हरांड्याच्या कोपऱ्यातल्या खांबाशी गेली, खुंटीला उलटीकडून तीन ठोके दिले. खुंटी सुटून तिच्या तळहातात आली. मग दुसरी. वरचं लाकूड जरासं उचलायला सांगितलं आणि खांब मोकळा झाला, ओरखडासुद्धा नाही. हसणारी माणसं पहारी खाली ठेवून पुढे आली. पुढे आठवडाभर ती पुढे आणि ती माणसं मागे. बापानं जोडलेलं, स्वतः जोडलेलं, सगळं तिनं स्वतःच्या हातानं सोडवलं. ठेकेदार खूश, न फुटलेला साग त्याला कुठे मिळणार. ट्रकमागून ट्रक गेले. कोणतं लाकूड कोणी नेलं ते ती प्रत्येक वेळी विचारून घ्यायची. तुळई पाचोऱ्याच्या एका व्यापाऱ्याकडे. खांब एका खेड्यातल्या मारुतीच्या मंडपाला. खिडक्या दीपनगरच्या कॉलनीत घर बांधणाऱ्या एकाकडे. पुढचा दरवाजा धरणगावला.

ह्यांना जळगावला नोकरी मिळाली, आणि अक्काला मी घेऊन आले. कोणी विचारलं तर मावशी म्हणून सांगायचे. आमच्या सिमेंटच्या खोल्यांत ती पहिले काही दिवस भिंतींना हात लावून फिरली. मग म्हणाली, "हाई घर मुकं शे." आणि पिशवीत तेलाची बाटली घालून एसटीनं निघाली.

मग तो नादच लागला. आज दीपनगर, परवा पाचोरा. लोकांच्या दारात जायची आणि म्हणायची, खिडकी दाखवा. दीपनगरच्या बाईला वाटलं तेल विकायला आली, तिनं नको म्हणून दार लावलं. ही मागून जाऊन बाहेरून खिडक्यांना तेल देऊन आली. मारुतीच्या मंडपात पुजाऱ्यानं तिच्या हातातली बाटली पाहिली आणि कौतुकानं मूर्तीकडे बोट केलं, शनिवार होता. तिनं मारुतीला थेंबभर वाहिलं आणि बाकी सगळं खांबांना. मी म्हणायचे, "अक्का, या वयात कशाला? पाय सुजलेत बघा." ती एसटीतही दांडा धरून उभी राहायची, जागा असली तरी.

धरणगावला मात्र ती बरेच दिवस गेली नव्हती. का, ते मी विचारलं नाही. एक दिवस स्वतःच म्हणाली, चाल. शेतकऱ्याचं घर होतं, नवंच बांधलेलं. बापाच्या हातचं ते दार पुढेच लावलेलं, पण उघडं, सुतळीनं कडीला बांधून ठेवलेलं. घरधन्यानं नंतर शहाबादी फरशी घातली, जमीन वर आली, आणि दार लागायचं बंद झालं. त्याची बायको वैतागलेली. "कुत्रं आत येतं, शेळी आत येते. यांना म्हटलं कापून टाका एकदाचं." नवऱ्यानं शेजारून करवत आणि रंधा आणूनही ठेवला होता. वरून कापायचं की खालून, एवढ्यावर अडलेलं. वरून म्हणजे कोरीव कामातून.

मी अक्काच्या दंडाला धरलं. म्हटलं, "आपण दुसरं दार देऊ यांना. मी ह्यांना सांगते, काहीतरी करू. हे आपण घेऊन जाऊ."

अक्कानं सुतळी सोडली. दार ढकललं, ते फरशीच्या कडेला अडून थांबलं. तिनं वाकून दाराच्या खालच्या कडेला बोटं लावली, फरशी वर आलेली चार बोटं मोजली. मग घरधन्याला म्हणाली, "उतरी दे भो. आनि ती करवत माले दे."

त्याला आधी हसू आलं, मग माझ्याकडे पाहून त्यानं दिली. दार आडवं केलं. तिनं खालच्या कडेवर खडूनं रेघ मारली, गुडघा फळीवर ठेवला आणि करवत चालवली. दम लागत होता. मध्ये दोनदा थांबली, मी पुढे झाले तर मानेनंच नको म्हणाली. सागाचा वास अंगणभर सुटला, इतक्या वर्षांनीही. कड रंध्यानं साफ केली, दार चढवलं आणि ढकललं. ते लागलं. काही आवाज न करता लागलं. त्या बाईनं ते उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, एखाद्या लहान पोरीसारखं.

कापलेली पट्टी अंगणात पडली होती. मी उचलली. चार बोटं रुंद, आतून अजून लालसर. मी ती पिशवीत घालायला गेले. आता त्या घराचं आपल्याजवळ दुसरं काय उरणार होतं. अक्कानं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि त्या बाईला दिली.

"चुल्हामा घाल. सुकेल शे, झटकन पेटी."

बाईनं कुऱ्हाडीनं तिचे दोन तुकडे केले आणि आमच्यासाठी चहाचं आधण ठेवलं.